सुभेदार, मेजर आणि दोन अमावास्या

आमच्या सोसायटीचं क्लबहाउस जिथे आहे तिथे आमचा गोठा होता. क्लबहाउसच्या मागे एक चौकोनी कारंजं आहे, ते कधीच चालू नसतं, तिथे विहीर होती. मी याच सोसायटीत राहते. नव्या शेजाऱ्यांना हे कळलं की त्यांचा चेहरा हळवा होतो. "अय्या, म्हणजे तुम्ही तुमच्याच शेतात राहता!" मी म्हणते, हो, आणि माझ्याच शेतात मला गाडी लावायला जागा मिळत नाही. यात हळवं होण्यासारखं मला काही दिसत नाही. बाबा गेल्यावर जमीन बिल्डरला दिली, तिच्या बदल्यात फ्लॅट घेतला, बँकेतली नोकरी संपेपर्यंत इथूनच स्कूटरवर जात-येत राहिले. गावाचं नाव मी देत नाही. कोथरूडच्या टेकडीमागे होतं एवढं पुरे. आता ते नाव बसच्या पाटीवर आणि फ्लॅटच्या जाहिरातीत उरलंय.

बाबा वऱ्हाडातले, वर्ध्याकडचे. तरुणपणी फौजेत गेले आणि हवालदार होऊन सुटले. शेवटची नेमणूक पुण्यात होती. सुटल्यावर माणूस गावी परत जातो, पण गावी भावांना त्यांच्या वाट्याची जमीन कसायची सवय झाली होती आणि ती सवय मोडायला बाबांना कोर्टात जावं लागलं असतं. "सरहद्दीवर लढलो तेवढं लय झालं, आता भावाशी नाई लढत," असं म्हणून त्यांनी इथेच, टेकडीच्या पायथ्याला, दगडूअण्णांकडून मुरमाड तुकडा विकत घेतला. दगड जास्त आणि माती कमी. विहीर दोघांच्या सामाईक बांधावर, पाण्यात निम्मा हिस्सा आमचा, एक दिवस त्यांची पाळी, एक दिवस आमची. अण्णा गावातले मोठे शेतकरी, त्यांची बैलजोडी गावात मानाची. ती जमीन त्यांनी विकली तेव्हा गाव हसलं आणि अण्णाही हसले. त्यात लपवण्यासारखं त्यांना काही वाटलं नाही.

आम्ही दगड वेचले. माझ्या लहानपणाचं काही चित्र काढायचं तर ते एवढंच आहे: बाबा फौजी बूट घालून पुढे, पहारीनं दगड उचकटतायत, आई पाटीत भरतेय आणि मी पाटी बांधावर नेऊन रिकामी करतेय. गावातले बांध वळणावळणाचे, जिथे दगड पडला तिथे बांध झालेला. आमचा बांध दोरी लावून रचलेला, परेडला उभा केल्यासारखा. लोक तो बघायला यायचे. "फौजी, ह्याला सलामी कधी द्यायची?" असं विचारायचे. बाबांना ते कौतुक वाटायचं. सकाळी ते शिट्टी वाजवून आम्हाला उठवत, खरोखरची शिट्टी, दोरीला बांधलेली. चहा उभ्यानं प्यायचा. घरात एक काळी लोखंडी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगानं नाव आणि नंबर. त्या ट्रंकेत नीट घडी घातलेलं काय काय असे आणि तिच्यावर बसायची कुणाला परवानगी नव्हती. आई मात्र बसायची, मुद्दाम.

जेवण वऱ्हाडीच राहिलं. ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, सणाला गोळाभात. अण्णांच्या घरून बाजरीच्या भाकरीचा वास यायचा आणि मला ती हवी असायची, पण आई म्हणायची, "बाजरी उष्ण असते, तुले फोड येतील." कोथरूडच्या शाळेत मी सायकलनं जायची. तिथे माझ्या 'मले-तुले'ला मुली हसायच्या. गावात पोरं माझ्या 'आहे'ला हसायची, कारण तिथे सगळे 'हाय' म्हणत. आणि घरी मी चुकून 'हाय' म्हटलं की बाबा हसायचे. तिन्हीकडे हसं नको म्हणून मी बोलणं कमी केलं आणि ते कायमचंच कमी झालं. बँकेत मला लोक कडक म्हणत. त्यांना वाटायचं, तो स्वभाव आहे.

बैलजोडी घेतली त्या दिवशी बाबांनी बैलांची नावं ठेवली सुभेदार आणि मेजर. सुभेदार पांढरा आणि शांत, मेजर तांबडा आणि हट्टी. "जिंदगीभर सुभेदारानं मले हाकललं," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आता मी सुभेदाराले हाकलतो." टेकडीवर त्यांचा आवाज घुमायचा, "मेजर साब, बायें मुड!" आणि मेजर खरंच डावीकडे वळायचा. संध्याकाळी गोठ्यातून रवंथ करण्याचा आवाज, आईच्या परातीत पीठ मळण्याचा आवाज आणि बाबांचा बूट घासायचा ब्रश. आमच्या घरात रेडिओ होता, पण मला आठवतात ते हेच आवाज.

आता पोळ्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. वऱ्हाडात पोळा श्रावणातल्या अमावास्येला. आमच्या या गावात, आणि मुळशी-मावळाकडे कितीतरी गावांत, तो भाद्रपदातल्या अमावास्येला. पूर्ण एका महिन्याचा फरक. आम्हाला हे ठाऊक नव्हतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात श्रावणातल्या अमावास्येखाली 'पोळा' छापलेलं होतं आणि बाबांचा छापील अक्षरावर फौजी विश्वास. पहिल्याच वर्षी ते मला घेऊन कसबा पेठेत गेले, तांबट आळीत, बैलांच्या गळ्यासाठी पितळी घंटा घ्यायला. दुकानदारानं घंटा पुढे ठेवली आणि म्हणाला, "एवढी घाई? पोळ्याला महिना आहे."

"माहा उद्या आहे," बाबा म्हणाले.

"तुमच्या बैलांना वेगळं पंचांग लागतं का?"

"कॅलेंडरात छापेल आहे."

"कॅलेंडरात बरंच काही छापलेलं असतं. आमच्याकडचा बैल वाचत नाही." दुकानदारानं घंटा कागदात बांधली. बाबा रस्ताभर हसत होते. त्यांना वाटलं, पुणेकर आहे, टोमणा मारला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बैल धुतले, शिंगं रंगवली, झुली घातल्या, घंटा बांधल्या आणि जोडी घेऊन भैरोबाच्या देवळापुढे जाऊन उभे राहिले. देवळापुढे तोरण नव्हतं. दुसरा बैल नव्हता. पारावर चार माणसं विड्या ओढत बसली होती. आमच्याकडे पोळ्याला तोरणाखाली झडत्या म्हणतात. एक माणूस खणखणीत आवाजात यमकं जुळवलेलं काहीबाही म्हणतो, कुणाची टिंगल, कुणाची स्तुती, आणि शेवटी ओरडतो, "हर बोला!" त्यावर सगळा गाव एका आवाजात उत्तर देतो. बाबांनी देवळापुढे ताठ उभं राहून झडती म्हटली आणि शेवटी मान वर करून ओरडले, "हर बोला!"

पारावरचे बघत राहिले. कुणी उत्तर दिलं नाही. तेवढ्यात माझ्यामागून आवाज आला, "हर हर महादेव!" आई. डोक्यावर पदर, हातात पुरणपोळीचं ताट आणि आवाज असा की देवळातली कबुतरं उडाली. पारावरचे खो खो हसले. त्या दिवसापासून आईला गावात 'फौजीनबाई' नाव पडलं. रात्री जेवताना बाबा म्हणाले, "याईचा पोळा भादव्यात राहते म्हने." आईनं हातातला घास खाली ठेवला. "पितरायच्या अमावास्येले? बापा, काय लोक आहेत!"

पुढची काही वर्षं असंच चाललं. आमचा पोळा श्रावणात, गावाचा भादव्यात. भादव्यातही बाबा आपले बैल जुंपत नसत, उगाच कुणाचं मन दुखवा कशाला म्हणून. एका सणाच्या जागी बैलांना दोन सुट्ट्या. गाव हसून सोडून द्यायचं. यात भांडणाचं कारण नव्हतं आणि ते मुद्दाम तयार केलं गेलं, असं माझं आजही ठाम मत आहे.

गावात सावड होती. सावड म्हणजे एकमेकांच्या कामाला बैल आणि माणसं देणं, आज माझ्या शेतात, उद्या तुझ्या. बाबा तिच्यात होते. त्या वर्षी श्रावणातल्या अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी आईनं नेहमीसारखी खांदशेकणी केली. तूप-हळद लावून पळसाच्या पानानं बैलांचे खांदे शेकायचे आणि कानात सांगायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मेजरच्या कानात मी सांगायची. त्याचा कान माझ्या तोंडावर फडफडायचा. सकाळी आई पुरण वाटत होती आणि अण्णा बांधावर येऊन उभे राहिले.

"फौजी, जोडी लागती आज. सावडीत माझी पाळी हाय."

"आज पोळा आहे नं अण्णा. उद्या न्या."

"तुमचा पोळा. आमचा भादव्यात. खाणीवरनं दगड आणायचाय हिरीवरच्या मोटारीच्या खोलीला, गाडी आजच मोकळी हाय."

"तुमची जोडी आहे की."

"माझ्या जोडीला बरं न्हाय." अण्णांची जोडी मागे त्यांच्या वावरात दिसत होती, गवत खात, चांगली तुकतुकीत. बाबांनी तिकडे पाहिलं. अण्णांनीही पाहिलं. "सावड हाय म्हनजी हाय, फौजी. का तुमच्याकडं सबुद बदलायची रीत हाय?"

शब्द. बाबांना हलवायची कळ अण्णांना बरोबर सापडली होती. आई पाट्यावरून ओरडली, "आवतण देल्लं आहे त्याईले!" पण बाबांनी घंटा काढल्या, खुंटीला अडकवल्या आणि बैल दिले. संध्याकाळी परत आले तेव्हा मेजरचा खांदा आला होता, म्हणजे जू घासून सोललेला, लाल. सुभेदार उभ्या उभ्या थरथरत होता. आईनं त्यांना पुरणपोळी चारली आणि त्यांनी खाल्ली. आई मात्र त्या दिवशी जेवली नाही. "जेवाले बोलावलं आन् दगडं वाहाले लावले," एवढंच ती बाबांना म्हणाली, आणि नंतर बरेच दिवस ती त्यांच्याशी माझ्यामार्फत बोलली. तुझ्या बापाले सांग, भाकर झाली.

महिना गेला. मेजरचा खांदा भरला. भादव्यातला पाऊस लांबला आणि अमावास्येच्या आधी थांबला. मुरमाड जमिनीत वाफसा येतो आणि बघता बघता जातो. ओल जरा जास्त असली की चिखल, जरा कमी झाली की दगड, मधला जो वेळ मिळतो त्यात कुळव फिरवायचा. रोपवाटिकेत कांद्याचं रोप तयार होत आलं होतं, रान तयार नव्हतं. आणि वाफसा आला तो नेमका गावाच्या पोळ्याच्या दिवशी. बाबांनी सकाळी बैल बाहेर काढले.

आई गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली. बाबांशी थेट बोलली. "आज नका जुंपू."

"वाफसा गेला तं रान कोन करन? अण्णा?"

"माहीत आहे मले, वाफश्यासाठी नाई जुंपून राहिले तुम्ही. बैलायचा काय गुन्हा? त्याईचा एक पोळा त्याईनं खाल्ला, एक तुम्ही खाता?"

"माह्या पोळ्याले त्याईनं माहे बैल जुंपले. त्याईच्या पोळ्याले मी माहेच जुंपून राहिलो." त्यांनी कुळव खांद्यावर घेतला. "बाजूले हो."

त्या क्षणी दोघेही बरोबर होते, आणि त्याचा मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. मी कुळवामागे दगड वेचत चालले. दुपारनंतर हलगी ऐकू आली. गावाची मिरवणूक आमच्या बांधाच्या कडेच्या रस्त्यानं देवळाकडे जायची. पुढे अण्णांची मानाची जोडी, शिंगांना सोनेरी बेगड, मागे गुलाल उडवत अख्खं गाव. आमच्या रानापाशी हलगी थांबली.

"फौजी, सोड बैल," अण्णा म्हणाले. त्या दिवशी 'अहो-जाहो' गेलं.

"काहून?"

"आज पोळा हाय."

"माहा होऊन गेला. तुमच्या दगडायसंगं साजरा केला."

मागे कुणीतरी हसलं. अण्णांनी वळून पाहिल्यावर हसू थांबलं. "गावाची रीत हाय. आजच्या दिशी बैलाच्या मानंवर जू दिसलं तर गावावर इडा येती."

"आन् त्या दिवशी? त्या दिवशी कोनाच्या गावावर येत होती?"

"ते तुझं गाव तिकडं. हितं ऱ्हायचं तर हितल्यावानी ऱ्हायचं."

"इथंच राहून रायलो अण्णा. दगड कोन वेचले इथले?"

अण्णांनी मानेनं खूण केली. दोघा-तिघांनी बांध ओलांडला, माझा बाप ज्याला दोरी लावायचा तो बांध, त्यातले दगड पायांनी ढकलत. विळ्यानं जुवाच्या पट्ट्या कापल्या. बाबांच्या हातात काठी होती. मला वाटत होतं, मारा. मी मनात ओरडत होते, मारा ना. ते टाचा जोडून ताठ उभे राहिले आणि समोर टेकडीकडे बघत राहिले, जसं काही कुणी मोठा अधिकारी तपासणीला आला आहे. जू खाली पडलं. सुभेदार आणि मेजर सवयीनं आपले आपण घराकडे चालू लागले. हलगी पुन्हा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीला कुलूप होतं. ती खोली नवी कोरी, दगडी. ते दगड कुणी आणले होते ते आता सांगायला नको. आमच्या पाळीच्या दिवशी बाबा गेले तर अण्णांनी निरोप पाठवला, भैरोबापुढे नारळ फोडा, गावाची माफी मागा आणि पोळा गावासंगं करा, मग पाणी. बाबा म्हणाले, "माफी कशाची?" आणि परत आले. पाऊस गेलेला. वाफ्यांतलं कांद्याचं रोप ऊन खाऊ लागलं. त्या वर्षीचं आमचं सगळं त्या वाफ्यांत होतं. कांदा गेला असता तर आम्हाला वर्ध्याला परतावं लागलं असतं, भावांच्या दारात. आई आणि मी ओढ्यावरून घागरी आणून वाफ्यांवर शिंपडायचो. बाबाही आणायचे, फौजी बूट घालून, दोन्ही हातांत डबे. रोपाची टोकं पिवळी पडली, मग पांढरी. त्यांना दिसत होतं. ते दुसरीकडे बघत. स्वाभिमानाबद्दल लोक भारावून बोलतात तेव्हा मला ती पांढरी टोकं आठवतात.

मग एका सकाळी आईनं पुरण शिजायला घातलं. दिवस साधा, कुठल्याच पंचांगात त्याच्यापुढे काही लिहिलेलं नाही. बाबा घागरी घेऊन ओढ्याकडे गेलेले. आईनं बैल धुतले. शिंगांना लावायला रंग नव्हता म्हणून बाबांची ट्रंक उघडून, त्यांच्या परवानगीशिवाय, तिच्यावर नाव घालायचा पांढरा रंग काढला आणि चारही शिंगं पांढरी केली. पाठीवर तिच्या लुगड्याची घडी. खुंटीवरच्या घंटा तिनं बांधल्या. "चाल," ती मला म्हणाली, "ताट घे." आणि माझी आई दोन्ही बैलांचे कासरे हातात घेऊन गावात शिरली. बाईनं बैल मिरवायची पद्धत ना तिकडे होती, ना इकडे.

पोळ्याला सजवलेला बैल दारात आला की त्या घरच्या बाईनं बाहेर यायचं, त्याचे पाय धुवायचे, ओवाळायचं, पोळी चारायची. शत्रूचा असला तरी. ही रीत वऱ्हाडात आहे आणि इथेही आहे. तारखेवरून भांडणाऱ्या पुरुषांच्या ते ध्यानात नव्हतं, आईच्या होतं. ती अण्णांच्या दारात जाऊन उभी राहिली. अण्णा ओट्यावर बसले होते.

"काय ओ फौजीनबाई, हे काय सोंग?"

"आज पोळा आहे," आई म्हणाली.

"कुनाचा?"

"माहा. याईचाबी होऊन गेला, तुमचाबी होऊन गेला. दोघायच्याबी पोळ्याले बैल जुंपलेलेच होते. आता हा माहा." मग आत तोंड करून हाक मारली, "वहिनी, बैल दारात आले!"

काकू, म्हणजे अण्णांची बायको, दारात आली. तिनं अण्णांकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं, पांढऱ्या शिंगांकडे जरा जास्त वेळ पाहिलं. आत जाऊन पाण्याचा तांब्या आणि निरांजन घेऊन आली. सुभेदाराचे पाय धुतले, मेजरचे धुतले. ओवाळताना तिचा हात मेजरच्या मानेपाशी थांबला. नवी कातडी आली होती पण केस आले नव्हते.

"हा खांदा कशानं आला ओ?"

"तुमच्या मोटारीच्या खोलीचे दगड वाहून. आमच्या पोळ्याच्या दिवशी."

माझ्या ताटातली पोळी घेऊन काकूनं मेजरला चारली. "बया, उपाशी असल्यावानी खातोय," ती म्हणाली.

"जेवले," आई म्हणाली. "आता पाणी?"

काकू आत गेली आणि खुंटीवरची किल्ली घेऊन आली. अण्णा उठून उभे राहिले. "किल्ली ठेव जाग्यावर."

"माझ्या दारात जेवल्यात ती. जेवल्यावर पानी तोडायचं पाप तुमचं तुम्ही करा, माझ्या हातनं न्हाय हुयाचं."

सगळी आळी दारांतून बघत होती. अण्णांना मागे यायला काहीतरी वाट हवी होती. "मग पुढल्या वर्षापास्नं गावाच्या पोळ्याला यायचं म्हनावं फौजीला. भादव्यात. मागल्या रांगंत."

"येतील," आई म्हणाली. बाबांना न विचारता, एका दमात. किल्ली घेतली आणि वळली.

बाबा ओढ्यावरून आले तर विहिरीवर मोटार चालू होती. आईनं सगळं सांगितलं, काय मिळालं आणि काय कबूल केलं. मला वाटलं, आता घरात वणवा पेटणार. ते ट्रंकेवर बसले. पहिल्यांदाच. म्हणाले, "ऑर्डर झाली नं? झाली तं झाली." मग उठून बूट घासायला घेतले.

कांदा वाचला. पुढच्या वर्षापासून बाबांनी भादव्यात पोळा केला, मागल्या रांगेत, दरवर्षी, एक अक्षर न बोलता. झडती पुन्हा कधी म्हटली नाही. मी एकदा म्हटलं, "बाबा, म्हणा ना." ते म्हणाले, "याईच्यात नाई म्हनत." त्यानंतर मी कॉलेजात गेले, बँकेत लागले. गावात ट्रॅक्टर आले, मग रस्ता आला, मग बिल्डर आले. सगळ्यात आधी जमीन अण्णांनी विकली. मानाची जोडी त्याआधीच बाजारात गेली होती. एकेक करत गावातले सगळे बैल गेले आणि शेवटी उरली ती बाबांची जोडी, सुभेदार-मेजरच्या जागी आलेली दुसरी, पण नावं तीच. शेवटच्या वर्षी भादव्यातल्या अमावास्येला देवळापुढे तोरणही बाबांनीच बांधलं आणि त्याखालून बैलही त्यांनीच काढले. मी चिडून विचारलं, "आता कुणासाठी भादवा? आता तरी तुमच्या दिवशी करा!" ते मागल्या रांगेच्या जागी उभे होते. पुढे कुणीच नव्हतं. "तुह्या मायनं शब्द देल्ला आहे," ते म्हणाले. तोवर आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी तिथून निघून गेले, रागानं. आई पाणी घेऊन आली आणि त्याच्या मोबदल्यात बाबांचा आवाज देऊन आली. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. म्हणून राग कमी होत नाही.

हे सगळं लिहायला बसले त्याचं कारण यंदाचा श्रावण. सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला, 'पारंपरिक बैलपोळा, क्लबहाउस, सायंकाळी. पारंपरिक वेशात यावे.' अण्णांचा नातू रोहित आमच्या सोसायटीचा चेअरमन आहे. मी खाली गेले. टेम्पोतून कुठूनतरी भाड्यानं एक बैल आणला होता, थर्माकोलचं तोरण होतं, लोक बैलाला पाठ करून फोटो काढत होते. आणि पहिल्या रांगेत, खुर्चीत, फेटा बांधून, 'मूळ गावकरी' म्हणून अण्णा. नव्वदीला आले असतील. कान शाबूत आहेत.

मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "अण्णा, आज पोळा का?"

त्यांनी मला ओळखलं. डोळे बारीक केले. "हाय की. मोबाइलमधी हाय, रोहित म्हनला."

"आमच्या कॅलेंडरातही होता. तेव्हा?"

त्यांनी बैलाकडे पाहिलं. "तवा गाव होतं," ते म्हणाले.

एवढंच. खंत नाही, लाज नाही, जशी जुन्या हवामानाची माहिती द्यावी. ज्या तारखेपायी माझ्या बापाच्या जुवाच्या पट्ट्या कापल्या, रोप वाळवलं, ती तारीख यांनी मोबाइल बघून सोडून दिली, आणि माझा बाप मात्र रिकाम्या देवळापुढे मागल्या रांगेत उभा राहिला. रोहित माइकवरून म्हणत होता, "आपल्या मातीची संस्कृती नेक्स्ट जनरेशनला कळावी, हा आपला छोटासा..." मी त्याच्या हातातला माइक घेतला. तो "मावशी, अहो मावशी, एक मिनिट," म्हणत राहिला.

झडती मला आठवत नाही, शेवटचं तेवढं आठवतं. मी ताठ उभी राहिले आणि ओरडले, "हर बोला!"

भिंतींवरून आवाज परत आला. लोकांनी फोनमधून माना वर काढल्या. कुणी उत्तर दिलं नाही. अण्णा खाली बघत होते. मग मीच दिलं, आईसारखं, होता नव्हता तेवढा आवाज काढून. एक लहान मूल दचकून रडायला लागलं. मी माइक रोहितला परत दिला.

"बैलाच्या तोंडाला फेस आलाय," मी त्याला म्हटलं. "आधी पाणी आण त्याला. भाषण मग कर."

तो पाण्याची बाटली शोधू लागला. मी म्हटलं, "बाटलीनं काय होतंय? बादली आण. आणि ते कारंजं उघड. त्याच्याखाली विहीर आहे, तिच्यात निम्मा हिस्सा आमचा आहे."